वाऱ्याखालचा आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कोणाला काही पटवून द्यायचं नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘आता दिसतंय का? आणि आता?’ विचारणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप घेऊन सगळ्यात आधी हाच उठायचा.

आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणतो.

आणि आणखी एक. अशा गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही तशी नाही. ही भर दुपारी सुरू झाली. लख्ख ऊन, मोठा सरळ हायवे, दोन्ही बाजूंनी गाड्यांची नुसती रीघ.

म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटते.

भाऊला त्याच्या बहिणीने वाढवलं. अक्काने. आई लहानपणीच गेली, वडिलांचा घरात असून नसल्यासारखा हिशोब. अक्का शिलाई मशीनवर पाय मारत बसायची आणि हा तिच्या पायाशी, कापडाच्या चिंध्यांत बसून अभ्यास करायचा. पुढे अक्काचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा वारला. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. भाऊचं दुकान झालं, संसार झाला, डोक्यावरचे केस निम्मे झाले.

पण अक्कासाठी तो शेवटपर्यंत ‘छोट्या’च.

आणि अक्का बोलायची. काय बोलायची! गाडीत बसली की तिच्या तोंडाला विसावा नसायचा. तिची जागा ठरलेली, भाऊच्या बरोब्बर मागे. तिथून तिचा पट्टा चालू.

“छोट्या, ट्रक बघ.”

“बघितला.”

“छोट्या, तो दिवा लाल होता की रे.”

“पिवळा होता, अक्का.”

“चष्मेवाला तू, आणि रंग मी ओळखायचे?”

उत्तर मिळालं नाही की ती बोटातल्या जाड अंगठीने भाऊच्या सीटला मागून टिचक्या मारायची. टक टक टक. म्हणजे काय, तर ऐकतोयस ना?

भाऊने नवी गाडी घेतली तेव्हा तिच्या छताला सरकणारी काच होती. सनरूफ. भाऊला त्याचं कोण कौतुक. अक्काने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, “पाऊस लागू नये म्हणून छप्पर असतं ना रे? मग त्याला भोक कशाला?”

एक गोष्ट भाऊच्या लवकरच लक्षात आली. ती काच पूर्ण उघडून गाडीचा वेग वाढवला की आत विचित्र आवाज घुमायला लागतो. नुसता वाऱ्याचा सूं सूं नाही. धब धब धब धब... कोणीतरी रिकामं पिंप बडवावं तसा. कानाचे पडदे आत दाबले जातात. मागच्या माणसाचं एक अक्षर पुढे येत नाही.

हे कळलं तेव्हा तो मनातल्या मनात हसला होता.

त्या दुपारी तो अक्काला तिच्या घरून आपल्याकडे आणत होता. तिला हल्ली दम लागायचा, थकवा वाटायचा. चार दिवस आमच्याकडे येऊन पडा, असं वहिनीनेच तिला फोनवर बजावलं होतं. भाऊ सकाळी दुकान उघडून, एका कटकट्या गिऱ्हाइकाशी वाद घालून निघाला होता. डोकं आधीच तापलेलं.

आणि अक्काने गाडीत बसल्या बसल्या सुरुवात केली.

वजन वाढलंय तुझं. फोन करत नाहीस. बायकोला घरात मदत करतोस का नुसता पेपर वाचतोस? एवढ्या जोरात कशाला चालवतोस? दुकान काय पळून जाणार आहे?

भाऊ ‘हं, हं’ करत होता.

मग ती म्हणाली, “छोट्या, छातीत जरा जळजळतंय रे.”

हेही तिचं रोजचंच. कधी जळजळ, कधी चमक, कधी पाठ.

“थांब, वारा येऊ दे. बरं वाटेल,” भाऊ म्हणाला.

आणि त्याने वरचं बटण दाबलं.

काच सरकली. धब धब धब धब... अक्काचा आवाज मध्येच तुटला. कोणीतरी रेडिओ बंद करावा तसा.

वारा तिच्यासाठी नव्हता. हे भाऊला तेव्हाही माहीत होतं.

थोड्या वेळाने त्याला पाठीत काहीतरी जाणवलं. ऐकू नाही आलं. जाणवलं. सीटच्या मागून... टिचक्या. एकदा. पुन्हा एकदा. मग जरा जोरात.

त्याने मागे बघितलं नाही. उलट पाय थोडा आणखी दाबला.

मग टिचक्या थांबल्या.

झोपली वाटतं, त्याच्या मनात आलं. आणि पाठोपाठ दुसरा शब्द आला. ‘सुटलो.’

बिल्डिंगच्या फाटकाशी येऊन त्याने गाडी थांबवली, काच बंद केली. एकदम शांत झालं.

“अक्का, आलो बघ.”

...

“अक्का?”

त्याने वळून पाहिलं. अक्का पुढे झुकलेली होती. तिचा एक हात दोन सीटांच्या मधून पुढे आला होता, त्याच्या खांद्यापासून अगदी थोडा दूर. डोळे उघडे होते.

गाडी तशीच वळवून तो जवळच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी बघितलं, मान हलवली. “वाटेतच कधीतरी गेल्या आहेत,” ते म्हणाले.

“लवकर आणलं असतं तर?”

“आता ते नका विचारू,” डॉक्टर म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. पण भाऊ ते वाक्य आजही विसरलेला नाही.

दिवे लागेपर्यंत तो दवाखान्याच्या बाकावर बसून होता, मग त्याने अक्काच्या मुलीला फोन केला. ती रडायलाच लागली. मग तिने विचारलं, “मामा, आईला त्रास नाही ना झाला?”

“नाही गं,” भाऊ म्हणाला. “झोपली होती गाडीत. झोपेतच गेली. तिला कळलंसुद्धा नाही.”

तेच वाक्य त्याने सगळ्यांना सांगितलं. बायकोला, मला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना. लोक म्हणायचे, नशीबवान हो, असं मरण यायला भाग्य लागतं. भाऊ मान डोलवायचा.

सगळं आटोपलं. भाची परत गेली. भाऊ दुकानात जायला लागला.

पहिल्या दिवशी गाडी काढली तेव्हा काच बंद होती. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. नवी गाडी, आत आवाज म्हणून नाही.

आणि मग...

टक.

भाऊला वाटलं, सीटमागच्या खिशात काहीतरी आहे. चष्म्याची एखादी डबी असेल, तीच हलत असेल.

टक. टक.

सिग्नलला थांबून त्याने हात मागे घालून खिसा चाचपला. रिकामा होता. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला.

टक टक टक.

ऐकतोयस ना?

भाऊचा हात आपोआप वर गेला. बटण दाबलं. काच सरकली, वारा आत घुसला, धब धब धब... आणि त्या धबधबाटात टिचक्या बुडून गेल्या.

त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्याला स्वतःचीच किळस आली, पण बरं वाटलं.

तेव्हापासून काच उघडीच राहायला लागली. थंडी असो, धूळ असो, भाऊ कानाला मफलर गुंडाळून, काच उघडी टाकून गाडी चालवायचा. वहिनीच्या केसांचं घरटं व्हायचं. एकदा गिऱ्हाइकांच्या पावत्यांचा गठ्ठा छतातून उडाला आणि हायवेभर पसरला.

“अहो, डोक्यात घण बसतायत माझ्या! लावा ना ती काच,” वहिनी ओरडायची.

“काय?”

“का-च!”

“मोकळी हवा चांगली असते,” भाऊ म्हणायचा.

आता वहिनी म्हणजे गप्प बसणारी बाई नाही. नवऱ्याला हवा हवी, तर हवा राहू दे. आवाजाचं काहीतरी करू. भाऊ दुकानात असताना ती एका दुपारी गाडी घेऊन थेट ओळखीच्या गॅरेजमध्ये गेली.

गॅरेजवाला जाडजूड, हसरा माणूस. बोलताना हातातला पाना नाचवायची सवय. त्याने छताकडे बघितलं आणि तिथे पडलेली एक रिकामी बाटली उचलून तिच्या तोंडावर फुंकर मारली. बाटली घुमली.

“हे असं होतंय, ताई. तुमची गाडी म्हणजे बाटली. वरचं भोक म्हणजे तोंड. वारा वरून फुंकर मारतो.”

“मग उपाय काय?”

“पुढच्या कडेला एक पट्टी बसवतो. वारा त्या पट्टीवर आपटून वरच्या वर जाईल, आत येणार नाही. रबरं पुसून तेल देतो. आणि मागची खिडकी दोन बोटं खाली ठेवत जा. आत कोंडलेल्या हवेला वाट मिळाली की धबधब बंद. बघा तुम्ही, सगळं उघडं ठेवून गप्पा माराल.”

पट्टी बसली. गॅरेजवाला स्वतः गाडी घेऊन हायवेवर एक चक्कर मारून आला. आला तो कपाळाला आठ्या घालून.

“आवाज गेला, ताई. एकदम क्लास. पण मागच्या सीटवर काही सामान ठेवलंय का?”

“नाही. का?”

“पट्टा लावा म्हणून सारखा दिवा लागतोय. ड्रायव्हरच्या मागच्या सीटचा. कोणी बसलं असलं की लागतो तसा.” त्याने मागचं दार उघडून सीटवर हात फिरवला. “सेन्सर गंडला असेल.”

वहिनीच्या ते डोक्यातही राहिलं नाही. संध्याकाळी तिने भाऊच्या हातात किल्ली ठेवली आणि ऐटीत सांगितलं, “उघडा आता पाहिजे तेवढं. तुमच्या हवेचा बंदोबस्त केलाय मी.”

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला.

“काय केलंस?”

“आवाज घालवला.”

बिचारीने प्रेमाने केलं होतं. काय सांगणार होता तिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच निघाला. हायवेला लागला. भीत भीत काच उघडली.

वारा होता. पण लांबचा. बंद दाराबाहेरून यावा तसा. धबधब नाही, कानावर दाब नाही.

समोर लाल दिवा लागला. मागच्या सीटचा पट्टा.

टिंग... टिंग... टिंग...

मग तोही थांबला.

आणि त्या वाऱ्याखालून, अगदी हळू...

“छोट्या...”

भाऊने करकचून ब्रेक मारला. मागचा ट्रकवाला शिव्या घालत बाजूने निघून गेला. भाऊने गाडी कडेला घेतली, उतरला, मागचं दार उघडलं.

कोणी नव्हतं.

फक्त सीट... सीटची गादी दबलेली होती. कोणी बराच वेळ बसून नुकतंच उठावं, तशी. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती गादी हळूहळू... वर आली.

भाऊने गाडीवर चढून, नखं तुटेपर्यंत ओढून, ती पट्टी उपटली आणि कडेच्या झुडपांत भिरकावली. काच पूर्ण उघडली. वेग घेतला. धब धब धब धब...

काही उपयोग झाला नाही. आवाज आता त्या धबधबाटाच्या आतून येत होता. तो कदाचित आधीपासूनच तिथे होता. आता भाऊच्या कानाला तो सापडला होता, एवढंच. शब्द लागत नव्हते. फक्त कोणीतरी बोलतंय, थांबून थांबून, श्वास घेत बोलतंय, हे कळत होतं.

त्याच दिवशी तो गॅरेजमध्ये गेला.

“काच कायमची बंद कर. वायर काढून टाक. पुन्हा उघडता कामा नये.”

“अहो साहेब, एवढी चांगली पट्टी...” गॅरेजवाल्याने वर बघितलं. “पट्टी कुठे गेली?”

“काढ म्हणतो ना वायर!”

त्याने मुकाट्याने मोटरची वायर काढली, काच घट्ट बसवली. भाऊने स्वतः बटण दाबून बघितलं. मेलेलं बटण. मग त्याने गाडी बिल्डिंगखाली लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. दुकानात चालत जायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, वजन उतरवतोय.

तरीही त्याचं जेवण कमी झालं. दुकानात गिऱ्हाइकाला नंबर सांगताना मध्येच थांबायचा. रविवारी खिडकीत उभा राहून खाली गाडीकडे बघत बसायचा. वहिनी विचारायची, तो म्हणायचा, काही नाही. अक्काची आठवण येते.

ते खोटं नव्हतं.

मग भाचीचा फोन आला. तिने नवं घर घेतलं होतं. “मामा, मामी, तुम्ही आलंच पाहिजे. आईच्या जागी आता तुम्हीच आहात.”

आता याला नाही कसं म्हणणार? भाऊ म्हणाला, आपण बसने जाऊ. वहिनीने ऐकलं नाही. भाचीला द्यायला तिने बाल्कनीतलं मोठं झाड कुंडीसकट काढून ठेवलं होतं, ते बसमध्ये कसं न्यायचं? “तुम्हाला चालवायची नसेल तर मी चालवते,” ती म्हणाली.

कुंडी पुढच्या सीटवर बसली, पट्टा बांधून, ऐसपैस. भाऊला मागे बसावं लागलं. तो अक्काच्या जागेवर बसला नाही. दुसऱ्या बाजूला, दाराला चिकटून बसला.

पण झाडाच्या फांद्या दोन सीटांच्या मधून मागे येत होत्या, डोळ्यांत जात होत्या. हायवेला लागण्याआधी वहिनीने आरशातून बघितलं.

“अहो, माझ्या मागे सरका ना. तिथे ऐसपैस आहे.”

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. भाऊ सरकला.

सीट गार होती. ऊन त्याच बाजूने येत होतं, तरी गार होती.

थोडा वेळ काहीच झालं नाही. वहिनी रस्ता बघत होती. भाऊ हात मांडीवर ठेवून बसला होता. काच बंद. शांतता.

मग त्याच्या छातीवर काहीतरी बसलं.

दुखणं नाही. वजन. वर वर चढत जाणारं. श्वास अर्ध्यातच अडकायला लागला.

“अगं, जरा थांबव गाडी,” तो म्हणाला.

वहिनीने मान वळवली नाही.

“थांबव गं. मला कसंतरी होतंय.”

...

“अगं!”

त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. कानाचे पडदे दाबले गेले होते. गाडीभर घुमत होतं. धब धब धब धब...

त्याने वर बघितलं. काच उघडी होती. निळं आभाळ भराभरा मागे पळत होतं.

त्याने समोरच्या सीटवर बुक्की मारली. पुन्हा मारली. त्याला हात उचलता येईना, मग त्याने बोटांनी टिचक्या मारल्या. वहिनीचे खांदे दिसत होते, सैल, निवांत. तिची मान रस्त्याच्या वळणाबरोबर किंचित डुलत होती. एवढ्या जवळ. आणि तिने मागे बघितलं नाही.

त्याने हात पुढे केला. दोन सीटांच्या मधून. तिच्या खांद्यापर्यंत तो पोचेना.

त्याला मरणाची भीती वाटली नाही, असं तो म्हणतो. त्याला एवढंच वाटत होतं... हिने एकदा वळून बघावं. फक्त एकदा.

गाडी थांबली.

पुढे कसलातरी खोळंबा होता, गाड्यांची रांग लागली होती. एकदम सगळं शांत झालं. छाती मोकळी झाली. भाऊने भरभरून श्वास घेतला, आणि त्याला रडू फुटलं.

वहिनी दचकून वळली. “अहो! काय झालं? मला वाटलं झोपलात.”

“मी तुला... हाका मारत होतो.”

“कधी? त्या वाऱ्यात काय ऐकू येणार? तुम्हीच तर उघडायला लावलीत काच.”

“मी?”

“मग कोण? मागून म्हणालात की, वारा येऊ दे, बरं वाटेल. मी बटण दाबलं.”

दोघांनी एकदमच वर बघितलं.

काच बंद होती. घट्ट. वहिनीने बटण दाबलं, दाबून धरलं, पुन्हा पुन्हा दाबलं. काहीही हललं नाही.

तिने गाडी कडेला घेतली. आणि तिथे, धूळ उडवत जाणाऱ्या गाड्यांच्या कडेला, भाऊने तिला सांगितलं. जळजळ. बटण. पाठीत जाणवलेल्या टिचक्या. ‘सुटलो.’ पुढे आलेला हात.

वहिनीने गाडी बंद केली, मागे वळली. मग तिने पदराने... नाही, ओढणीच्या टोकाने त्याचा चेहरा पुसला. भाऊ सांगताना इथे दरवेळी अडखळतो. त्याला क्षणभर तो अक्काचाच पदर वाटला होता.

“मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली.

“कसं सांगणार होतो?”

“मला एक वेळ नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण त्या पोरीला तुम्ही खोटं सांगितलंत. तिची आई होती ती.” तिने गाडी सुरू केली. “चला. आज सांगायचं.”

भाचीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. भिंतींना नव्या रंगाचा वास. तिने झाड खिडकीत ठेवलं, फिरून फिरून घर दाखवलं. बसायच्या खोलीत, उजेडाच्या कडेला, अक्काचं शिलाई मशीन होतं. भाऊ त्याच्यासमोरच बसला. चहा तसाच निवला.

मग त्याने सगळं सांगितलं. मान खाली घालून. एकही गोष्ट लपवायची नाही असं ठरवून.

भाची ऐकत होती. भाऊला वाटलं, आता ही उठेल, दार दाखवेल. दाखवायलाच हवं.

ती म्हणाली, “मामा, मलाही तुला एक सांगायचंय. मी कोणालाच सांगितलं नाही.”

भाऊने वर बघितलं.

“त्या दिवशी आईचा फोन आला होता मला. मी कामात होते. उचलला, तर वाराच वारा. हॅलो हॅलो केलं, उत्तर नाही. चुकून लागला असेल म्हणून मी कापला.” तिचा आवाज फाटला. “आईचा शेवटचा फोन, मामा. मी कापला.”

वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली.

“पण म्हणूनच तू म्हणालास ना, झोपेत गेली, तेव्हा मला खरं वाटलं,” भाची डोळे पुसत म्हणाली. “कारण वाऱ्यात तुझा आवाज येत होता. तू गाणं म्हणत होतास. मला वाटलं, मजेत चाललेत दोघं.”



भाऊ गात होता. हो. टिचक्या चालू होत्या तेव्हाच कधीतरी त्याने गायला सुरुवात केली होती, मोठ्याने, मोकळ्या गळ्याने, ‘सुटलो’च्या आनंदात. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकही गोष्ट लपवायची नाही असं ठरवूनही आत्ता भाचीलाही नव्हतं सांगितलं. गाडीत ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

“आणि आईसुद्धा म्हणत होती,” भाची म्हणाली. “तुझ्या मागून. हळू. तीच ओळ. मग तिचा आवाज थांबला...”

“आणि?” भाऊने विचारलं.

“तुझा चालूच होता.”



मग भाऊने विचारलं, “फोन कधी आला होता गं?”

“दिवे लागले होते. तुझा फोन यायच्या जरासा आधी.”

त्या वेळी भाऊ दवाखान्याच्या बाकावर बसला होता. गाडी खाली उभी होती, सगळ्या काचा बंद. अक्का आतल्या खोलीत होती, चादरीखाली. आणि अक्काची पर्स, तिच्या फोनसकट, भाऊच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

हे त्याने भाचीला सांगितलं नाही. मला सांगितलं.

मला वाटलं होतं, आता तो गाडी विकून टाकेल. मी तसं म्हटलंही. तो दुकानात एका चष्म्याची काच फडक्याने पुसत होता.

“विकून कसं चालेल?” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या मागे तिने का बसायचं?”

आता तो रोज तीच गाडी चालवतो. रेडिओ नाही, बोलणं नाही. अगदी हळू चालवतो, मागचे लोक हॉर्न मारतात. आणि दर थोड्या वेळाने, मान न वळवता, मोठ्याने विचारतो, “अक्का, बरी आहेस ना?”

हे मला वहिनीने सांगितलं. त्याला मी विचारलं तेव्हा त्याने नाकारलं नाही.

मी चेष्टेवारी नेत म्हटलं, “मग? उत्तर येतं का?”

तो काच पुसत राहिला. उजेडात धरून बघितली. पुन्हा पुसली.

“न आलं,” तो म्हणाला, “तर मी गाडी थांबवतो.”